खिशांतील कॅमेरा आणि मूठभर प्रकाश

दूरध्वनि या नांवाचा संबंध कानाशीं आहे. दूरच्या मनुष्याचा आवाज जवळ आणून देणें, येवढेंच काम त्याच्या जनकांनीं त्याला नेमून दिलें होतें आणि शंभर वर्षांहून अधिक काळ त्यानें तें इमानानें केलें. असें असतां गेल्या पंचवीस वर्षांत या कानाच्या यंत्राला डोळा फुटला, आणि तो डोळा इतका प्रबळ झाला कीं, आज दुकानांत फोन निवडणारा गृहस्थ आवाज कसा ऐकूं येतो हें क्वचितच विचारतो. तो विचारतो, याचा कॅमेरा कसा आहे? विक्रेताहि त्याला एक आंकडा सांगतो : पन्नास, एकशें आठ, दोनशें मेगापिक्सेल. आंकडा जितका मोठा तितका कॅमेरा चांगला, असा समज घरोघर रुजून बसला आहे. तो समज कितपत खरा आहे, फोनमधील कॅमेरा कोणत्या अडचणींतून वाट काढीत वाढला, आणि त्या वाटेवर छायाचित्र या वस्तूचें स्वरूपच कसें बदलत गेलें, हें समजून घेण्यासारखें आहे. कारण आज बहुतेक कुटुंबांच्या आठवणी याच एका यंत्राच्या स्वाधीन झाल्या आहेत.

फोनमध्यें कॅमेरा बसावयाचा तर अगोदर कॅमेऱ्यांतून फिल्म जावयास हवी होती. त्याचा पाया १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत घातला गेला. विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ या दोघां शास्त्रज्ञांनीं सिलिकॉनच्या चकतीवरील विजेचे भार एका जागेवरून दुसऱ्या जागीं क्रमानें सरकवीत नेण्याची युक्ति शोधून काढली. सिलिकॉनवर प्रकाश पडला म्हणजे असे भार आपोआप उत्पन्न होतात. तेव्हां या युक्तीनें चित्राचें विजेंत रूपांतर करतां येऊं लागलें. पुढें २००९ सालीं या शोधाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. १९७५ सालीं कोडॅक कंपनींतील स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरानें फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा प्रत्यक्ष बनवून दाखविला. त्याचें वजन साडेतीन किलोग्रॅमांहून अधिक होतें, चित्रांत अवघे १०,००० बिंदु होते, आणि एक चित्र फितीवर नोंदावयास २३ सेकंद लागत. असला बोजा खिशांत जाणें शक्य नव्हतें. १९९० नंतरच्या वर्षांत अमेरिकेच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेंत एरिक फॉसम व त्यांचे सहकारी यांनीं सीमॉस जातीचा संवेदक सिद्धीस नेला. प्रकाश टिपणारे बिंदु आणि त्यांचें माप घेणारीं विद्युत्-मंडलें एकाच चकतीवर आणल्यामुळें हा संवेदक लहान व स्वस्त झाला, आणि मुख्य म्हणजे त्याला वीज फार थोडी पुरे. फोनच्या पोटांत शिरण्याचा परवाना त्याला येथें मिळाला.

परवाना मिळाला तरी कॅमेरा आणि फोन यांची सोयरीक प्रथम सुचली ती चित्राच्या सुबकतेसाठीं नव्हे. ११ जून १९९७ रोजीं कॅलिफोर्नियांतील सांता क्रूझ येथें फिलिप कान या उद्योजकाला कन्यारत्न झालें. पत्नी प्रसूतिगृहांत असतांना त्यानें आपला डिजिटल कॅमेरा, मोबाईल फोन आणि छोटा संगणक हीं तीन यंत्रें तारांनीं जोडलीं व नवजात मुलीचें चित्र तेथूनच इष्टमित्रांकडे पाठवून दिलें. तीन यंत्रांचें हें कडबोळें म्हणजे कॅमेरा-फोनचा पूर्वजच होय. दोन वर्षांनीं, मे १९९९ मध्यें, जपानांतील क्योसेरा कंपनीनें काढलेल्या फोनला बोलणाऱ्याच्या तोंडाकडे रोखलेला १ लक्ष १० हजार बिंदूंचा कॅमेरा होता, व त्यांतून सेकंदास दोन चित्रें पलीकडच्या मनुष्यास दिसत. २००० सालीं दक्षिण कोरियांत सॅमसंगनें आणलेला फोन छायाचित्रें घेई, पण तीं बाहेर काढावयास तो संगणकालाच जोडावा लागे. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत जपानांत शार्प कंपनीचा जे-एसएच०४ हा फोन निघाला. त्याचा कॅमेरा पाठीवर होता, आणि स्वतःचें चित्र काढणाऱ्यास चेहरा पाहतां यावा म्हणून भिंगाशेजारीं एक इवलासा आरसा बसविलेला होता. त्याचीहि शक्ति १ लक्ष १० हजार बिंदूंचीच. परंतु काढलेलें चित्र त्याच यंत्रावरून पत्रासोबत धाडतां येत असे, आणि जपानी तरुणांना त्याची तेवढ्यासाठींच ओढ लागली. धूसर कां होईना, चित्र मित्राच्या हातांत लगेच पडतें, हेंच त्याचें मोल होतें.

लोकांना चित्र काढण्याची चटक लागल्यावर मात्र तें चांगलें असावें ही मागणी आली, आणि येथेंच फोन बनविणाऱ्यांची निसर्गाशीं गांठ पडली. कॅमेऱ्याचें सारें भांडवल म्हणजे प्रकाश. तो जितका आंत येईल तितकें चित्र स्वच्छ. फिल्मच्या सामान्य कॅमेऱ्यांत चित्राची चौकट ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. २०१२ च्या सुमारास चांगल्या समजल्या जाणाऱ्या फोनमधील संवेदकाचें क्षेत्रफळ १५ चौरस मिलिमीटरांच्या आसपास असे. म्हणजे पन्नासांहून अधिक पट कमी. तो मोठा करावा तर भिंगहि मोठें हवें आणि भिंग व संवेदक यांतील अंतरहि वाढावयास हवें. आणि अंतर वाढलें कीं फोन जाड होतो. जाड फोन कोणास नको असतो. सारी अडचण या एका मापांत सांठविलेली आहे.

प्रकाश कमी पडला म्हणजे चित्र नुसतें काळोखें न होतां रवाळ कां होतें, हा प्रश्न येथें कोणी विचारील. त्याचें उत्तर पावसाच्या दृष्टांतानें चांगलें समजतें. पावसाच्या पहिल्या शिंतोड्यांत अंगणांत दोन लहान वाट्या शेजारीं शेजारीं ठेवल्या, तर एकींत नऊ थेंब पडतील, दुसरींत बारा. पाऊस दोहोंवर सारखाच, पण वाट्यांचा हिशेब जुळत नाहीं. त्याच जागीं दोन मोठ्या पराती ठेवल्या तर थेंब हजारोंनीं पडतील आणि दोन्ही परातींतील पाणी जवळजवळ सारखें भरेल. प्रकाशहि असाच थेंबाथेंबानें, म्हणजे फोटॉन नांवाच्या कणांनीं येतो. एखाद्या बिंदूवर सरासरीनें १०० कण येत असतील तर त्यांत सुमारे १० कणांचा चढउतार असतो, म्हणजे शेंकडा १०. तेच १०,००० आले तर चढउतार १०० चा, म्हणजे शेंकडा अवघा एक. लहान वाटींतील हा बेहिशेबीपणा चित्रांत ठिपक्यांच्या रूपानें उमटतो. यंत्र कितीहि निर्दोष असलें तरी तो टळत नाहीं, कारण तो प्रकाशाचाच स्वभाव आहे. त्यावर उपाय एकच : अधिक प्रकाश गोळा करणें.

बाजारानें मात्र नेमका उलटा रस्ता धरला. नोकियाच्या ७६५० या फोनमध्यें २००२ सालीं ३ लक्ष बिंदु होते. २००५ सालच्या सोनी एरिक्सनच्या के-७५० मध्यें २० लक्ष झाले. २००७ च्या नोकिया एन-९५ मध्यें ५० लक्ष. दहा लक्ष बिंदूंचा एक मेगापिक्सेल होतो, आणि जाहिरातींत तोच आंकडा ठळक छापला जाऊं लागला. अंगण तेंच ठेवून वाट्यांची संख्या वाढविली म्हणजे प्रत्येक वाटीचें तोंड लहान होतें, ही गोष्ट जाहिरातींत सांगतां येत नाहीं. उन्हांत काढलेलीं चित्रें खरोखरच अधिक बारकाव्याचीं निघत. पण दिवेलागणीनंतर घरांत काढलेल्या चित्रांत मुलांचे चेहरे मेणासारखे पुसट होत, कारण ठिपके घालविण्याच्या खटाटोपांत यंत्र बारकावेहि पुसून टाकी. २०१३ सालीं एचटीसी कंपनीनें धैर्य करून अवघ्या ४ मेगापिक्सेलांचा, पण मोठ्या तोंडाच्या बिंदूंचा फोन काढला. त्याच वर्षीं सॅमसंगच्या फोनवर १३ हा आंकडा झळकत होता. आंकड्यावर भाळलेल्या बाजारांत चार हे तेरापुढें दुबळे दिसले, आणि दोन वर्षांनीं त्या कंपनीनेंहि आपल्या प्रमुख फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला २० मेगापिक्सेल दिले.

या कोंडींतून बाहेर पडण्याचा एक धाडसी प्रयत्न फिनलंडमधील नोकिया कंपनीनें केला. २७ फेब्रुवारी २०१२ रोजीं बार्सिलोना येथील प्रदर्शनांत तिनें ८०८ प्युअरव्ह्यू हा फोन जाहीर केला. त्याचा संवेदक ४१ मेगापिक्सेलांचा होता. वरवर पाहतां ही आंकड्यांच्या शर्यतींतील आणखी एक उडी वाटावी. वस्तुतः हेतु अगदीं निराळा होता. संवेदकाचें क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस मिलिमीटर, म्हणजे समकालीन फोनांच्या पांचपटींहून अधिक ठेवलें होतें. त्यामुळें बिंदु येवढे वाढूनहि प्रत्येकाचें तोंड इतर चांगल्या फोनांतल्याइतकेंच राहिलें. शिवाय हे सारे बिंदु चित्रांत उमटावेत अशी अपेक्षाच नव्हती. नेहमींच्या वापरांत शेजारशेजारच्या सुमारे सात बिंदूंचें माप एकत्र करून त्यांचा एक बिंदु होई आणि ५ मेगापिक्सेलांचें चित्र हातीं येई. सात वाट्यांतील पाणी एका भांड्यांत ओतल्यावर थेंबांचा चढउतार जसा निवळतो, तसा ठिपक्यांचा त्रास सुमारे अडीच पटींनीं कमी होई. दूरची वस्तु जवळ आणावयाची झाल्यास भिंग हालवावें लागत नसे. संवेदकाचा मधला भाग तेवढा घ्यावयाचा, मग सातांचा एक न करतां थोड्यांचा एक होई, आणि तिपटीच्या जवळपास जाईपर्यंत बारकावा ढळत नसे. भिंग जर्मनींतील झाइस कंपनीच्या नांवाचें होतें. किंमत म्हणून जाडी मोजावी लागली : फोन जवळजवळ १४ मिलिमीटर जाड, आणि कॅमेऱ्यापाशीं त्याला उंचवटा होता.

परीक्षकांनीं चित्रांची वाहवा केली. पण फोन म्हणून त्याचें नशीब आधींच ठरलेलें होतें. ज्या सिंबियन प्रणालीवर तो चालत असे ती सोडून मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीकडे वळण्याचा निर्णय नोकियानें फेब्रुवारी २०११ मध्येंच जाहीर केला होता. मायदेशीं टाकून दिलेल्या भाषेंत लिहिलेल्या उत्तम ग्रंथासारखी त्याची गत झाली. जुलै २०१३ मध्यें आलेल्या ल्युमिया १०२० या फोनमध्यें तीच कल्पना पातळ अंगांत बसविली, हाताचा कंप सांवरणारें भिंगहि दिलें. परंतु नव्या प्रणालीवर लोकांना हवे ते कार्यक्रम पुरेसे नव्हते. एप्रिल २०१४ मध्यें नोकियाचा फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा झाला. उत्तम कॅमेरा असला म्हणजे उत्तम फोन होतो असें नाहीं, हा धडा त्यांतून निघाला.

याच सुमारास दुसरी एक वाट तयार होत होती. अंगण मोठें करतां येत नाहीं, तर तेंच भांडें पुन्हां पुन्हां पावसांत धरावें, असा तिचा विचार. गूगल कंपनींत मार्क लेव्हॉय यांच्या नेतृत्वाखालील मंडळींनीं जी पद्धति रूढ केली तिच्यांत बटण दाबतांना एक चित्र निघत नाहीं. थोड्या प्रकाशाचीं अनेक चित्रें लागोपाठ घेतलीं जातात. हात हालल्यानें तीं एकमेकांवर तंतोतंत बसत नाहींत, म्हणून यंत्र त्यांचे बारीक तुकडे जुळवून घेतें आणि मग सर्वांची सरासरी काढतें. नऊ चित्रें मिळविलीं तर ठिपके तिपटीनें कमी होतात. २०१६ सालच्या पिक्सेल फोनमध्यें ही पद्धति नित्याची झाली, आणि २०१८ सालीं तिच्याच पुढच्या पायरीनें जवळजवळ अंधारांतहि हातांत धरून चित्र घेणें शक्य झालें. २०१६ सालींच ॲपलनें दोन कॅमेऱ्यांचा आयफोन काढला. दोन डोळ्यांनीं जसें अंतर कळतें तसें दोन भिंगांतील किंचित् फरकावरून कोणती वस्तु जवळ व कोणती दूर हें यंत्र ताडतें, आणि मोठ्या भिंगाच्या कॅमेऱ्यांत पार्श्वभूमि जशी निसर्गतःच धूसर होते तशी ती हिशेबानें धूसर करून देतें.

पुढें या दोन्ही वाटा एकत्र आल्या. २०२१ सालीं शार्पनें आणि २०२२ सालीं शाओमीनें ज्याला 'एक इंची' म्हणतात तो मोठा संवेदक फोनमध्यें बसविला. या नांवांतहि एक गंमत आहे. त्याची लांबी प्रत्यक्षांत १३.२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धा इंच असते. दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेरा-नळ्यांची मापें त्यांच्या कांचेच्या बाहेरील व्यासावरून सांगत, तीच बोलण्याची रीत पुढें चालूं राहिली. ८०८ ची कल्पनाहि वायां गेली नाहीं. २०२० सालच्या सॅमसंगच्या १०८ मेगापिक्सेलांच्या फोनमध्यें नऊ बिंदूंचा एक होऊन १२ मेगापिक्सेलांचें चित्र निघे. २०२३ सालच्या २०० मेगापिक्सेलांच्या फोनमध्यें सोळांचा एक होई. दुकानांतील तो भव्य आंकडा आणि घरीं पाहिलेलें चित्र यांतील नातें तें हें असें आहे. स्वतंत्र कॅमेऱ्यांच्या धंद्यावर मात्र याचा घाला पडला. जपानी उत्पादकांच्या संघटनेच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं सुमारे १२ कोटि डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२० सालीं ही संख्या ९० लक्षांच्याहि खालीं आली.

येथपर्यंतची कथा निर्भेळ प्रगतीची वाटते. पण तिच्या पोटांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. छायाचित्रावर मनुष्याचा विश्वास बसला तो एका कारणानें. चित्रकार आपल्या मनांतील कांहीं तरी भर घालतो, कॅमेरा घालीत नाहीं, समोर होतें तेवढेंच सांगतो, अशी त्याची ख्याति होती. म्हणून न्यायालयांत, वृत्तपत्रांत आणि दिवाणखान्यांतील चौकटींतहि त्याला साक्षीदाराचा मान मिळाला. आतां गणित मध्यें आल्यावर हा साक्षीदार कितपत विश्वासाचा उरला?

याचें उत्तर सरसकट देतां येत नाहीं. गणित कांहीं आजच आलेलें नाहीं. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या १९७६ सालच्या पेटंटाप्रमाणें संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर तांबडी, हिरवी वा निळी यांपैकीं एकच गाळणी असते. म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच रंग प्रत्यक्ष दिसतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून ठरवावे लागतात. तेव्हां डिजिटल चित्रांतील रंगांचे दोनतृतीयांश आंकडे प्रथमपासूनच हिशेबाचे आहेत. परंतु हा हिशेब त्याच क्षणीं, त्याच दृश्यावरून आलेल्या प्रकाशाचा असतो. सात बिंदूंचा एक करणें अथवा नऊ चित्रांची सरासरी काढणें यांतहि बाहेरचें कांहीं येत नाहीं; साक्षीदाराला नीट ऐकूं यावें म्हणून गलबला थांबविण्यासारखेंच तें आहे.

मर्यादा ओलांडली जाते ती याच्या पुढें. मार्च २०२३ मध्यें एका हौशी गृहस्थानें चंद्राचें चित्र मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर लावलें, खोलींत अंधार केला आणि दुरून सॅमसंगच्या फोननें त्याचा फोटो घेतला. फोनच्या चित्रांत चंद्रावरचीं विवरें रेखीव उमटलेलीं होतीं, जीं पडद्यावरील चित्रांत नव्हतींच. कंपनीनेंहि स्पष्टीकरण देतांना सांगितलें कीं, समोर चंद्र आहे हें यंत्र ओळखतें आणि शिकविलेल्या ज्ञानाच्या आधारें त्याचे बारकावे उठावदार करतें. येथें साक्षीदार पाहिलेलें सांगत नाहीं. पाठ केलेलें सांगतो. चंद्राच्या बाबतींत यानें कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, कारण चंद्राचें मुख सर्वांस ठाऊक आहे आणि तें बदलत नाहीं. परंतु हीच संवय मनुष्याच्या मुखाला लागूं केली तर? आजीच्या हातावरील सुरकुती, मुलाच्या कपाळावरील व्रण, अपघातानंतर भिंतीला गेलेली चीर, हीं सर्वसाधारण ज्ञानांत बसणारीं नसतात. तीं त्या व्यक्तीचीं, त्या जागेचीं आणि त्या दिवसाचींच असतात. सरासरी चेहऱ्याच्या ज्ञानानें चेहरा सुधारूं पाहणारें यंत्र नेमकें हेंच पुसून टाकतें, आणि चाळीस वर्षांनीं तें चित्र पाहणाऱ्या नातवाला तें पुसलें गेल्याचा पत्ताहि लागत नाहीं.

यावर उपाय नाहीं असें मात्र नव्हे. संवेदकावर जें पडलें तें फारसा संस्कार न करतां जसेंच्या तसें सांठविण्याची सोय २०१४ पासून अँड्रॉइडच्या आणि २०१६ पासून आयफोनच्या प्रणालींत आलेली आहे, आणि अनेक फोनांत ती 'रॉ' या नांवानें सांपडते. असें चित्र प्रथम फिकें व खडबडीत दिसतें आणि जागाहि पुष्कळ अडवितें, तेव्हां रोजच्या गमतीच्या फोटोंना त्याची गरज नाहीं. पण जें चित्र पुढें पुरावा म्हणून लागणार आहे, किंवा ज्यांतील माणूस पुन्हां पाहावयास मिळेलच अशी खात्री नाहीं, त्याची एक प्रत अशा रीतीनें जपावी हें शहाणपणाचें. चेहरा गुळगुळीत करणारी जी योजना कांहीं फोनांत आरंभापासूनच चालूं असते, तीहि घरांतील जाणत्यानें एकदां शोधून बंद करावी. आणि फोन घेतेवेळीं बिंदु किती हें विचारण्याबरोबर संवेदक केवढा हेंहि विचारावें. दिवसाउजेडीं सर्वच फोन बरे दिसतात. म्हणून शक्य तर दुकानांतल्या एखाद्या अंधाऱ्या कोपऱ्यांत सोबतच्या माणसाचें चित्र काढून पाहावें, आणि त्या चित्रांत तो माणूस आपल्या ओळखीचा राहिला आहे ना, हें ताडून पाहावें.